पदावर असेतोवर

सृष्टी तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. लातूरच्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत ती आणखी दोन मुलींबरोबर भाड्याने राहत होती. मी नांदेडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो हे तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून ती अधूनमधून जिना उतरून शंका विचारायला येऊ लागली. मला बोलायची फारशी सवय नाही. वर्गातही मी फळ्याकडे तोंड करून शिकवतो असं मुलं म्हणायची, आणि ते खरं होतं. पण घटनेतलं एखादं कलम कुणी विचारलं की माझी जीभ जरा सैल सुटते.

त्या सकाळी ती दारातच उभी राहिली.

"सर, राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असताना त्यांच्यावर फौजदारी खटला चालतो का?"

"नाही," मी म्हणालो. "कलम तीनशे एकसष्ट. बस ना."

ती बसली नाही. मीच बोलत राहिलो. राजाच्या हातून चूक होतच नाही असं इंग्लंडात पूर्वी मानत, तिथून सुरुवात केली. आपल्या घटनाकारांनी ही सवलत फक्त राष्ट्रपती आणि राज्यपालांपुरती ठेवली, पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांना ठेवली नाही, हे सांगितलं. जगात काही देशांत हा वाद अजून मिटलेला नाही, तिथली न्यायालयं दोन्ही बाजूंनी बोलतात, हेही सांगितलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी एवढं ऐकून घेत होतं.

"पण गुन्हा राज्यपाल व्हायच्या आधीचा असेल तर?"

"तरी नाही. खटला सुरू करता येणार नाही किंवा पुढे चालवता येणार नाही, असे शब्द आहेत. म्हणजे चालू खटलासुद्धा आहे तिथे थांबतो. परीक्षेत नेमकं हेच विचारतात बघ."

"किती दिवस थांबतो?"

"पदावर असेतोवर. साधारण पाच वर्षं."

"आणि साक्षीदार म्हातारा असला तर?"

मी बहुधा हसलो. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "साक्षीदाराबद्दल कलमात काही नाही," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलेली इंदू, माझी बायको, मध्येच थांबली. "अहो, तुमचं कलम राहू द्या. जरा तिच्या तोंडाकडे बघा."

तेव्हा मी पाहिलं.

सृष्टीचं गाव देवणीजवळ आहे. ती चार-पाच वर्षांची असताना विधानसभेची निवडणूक होती. तिचे वडील शेषेराव गावच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर विरोधी उमेदवाराचे पोलिंग एजंट म्हणून बसले होते. दुपारी परगावची माणसं मेलेल्यांच्या नावावर मतं टाकायला आली. शेषेरावांनी हरकत घेतली. थोड्या वेळाने, ज्यांच्यासाठी ती मतं पडत होती ते उमेदवार भागवतराव स्वतः जीपमधून आले. त्यांच्या माणसांनी शेषेरावांना शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली ओढलं. मारहाण झाली, आणि शेवटच्या दोन काठ्या भागवतरावांनी स्वतः डोक्यात घातल्या. लातूरला दवाखान्यात आणेपर्यंत शेषेराव गेले.

आवारात पुष्कळ लोक होते. पुढे कोर्टात पाहिलेलं सांगायला एकच माणूस उरलं, शेषेरावांची आई केवळाबाई. ती नुकतीच मत देऊन बाहेर आली होती.

भागवतराव ती निवडणूक जिंकले, पुढे आणखी जिंकले. खटला रखडत राहिला. अखेर त्या सकाळच्या काही महिने आधी केवळाबाईची साक्ष निघाली. सरकारी वकिलांनी विचारलं, तिने सगळं सांगितलं. शेवटच्या काठ्या कुणी मारल्या, तर तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, "त्येनी." मग उलटतपासणी सुरू झाली. आरोपीचे वकील आमच्याच भागातले होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्येनी म्हणजे कोणी? नाव सांगा."

केवळाबाई गप्प.

तिच्या नवऱ्याचं नाव भागवत होतं. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण ते नाव तिने ना त्याच्या हयातीत उच्चारलं होतं, ना नंतर. पोलिसांनासुद्धा तिने "आमच्या मालकाचं नाव तेच त्यांचं" असं सांगितलं होतं आणि जमादाराने ते समजून लिहून घेतलं होतं. वकिलांनी तेच धरलं. बाईंनी नाव कधी घेतलंच नाही तर जबाबात ते आलं कुठून? पोलिसांनी घातलं असणार. नाव घ्या. घेत नाही म्हणता? मग उखाण्यात घ्या की.

कोर्ट हसलं. विधवा बाईला उखाणा घ्यायला सांगितला, तरी हसलं. न्यायाधीशांनी वकिलांना समज दिली, बाईला पाणी दिलं, तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. दुपार अशी गेली. उलटतपासणी पुढच्या तारखेवर ठेवली.

पुढची तारीख यायच्या आधीच भागवतरावांची दूरच्या एका छोट्या राज्याचे राज्यपाल म्हणून नेमणूक झाली. सृष्टी मला विचारायला आली त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शपथ घेतली होती.

"सर, आजी म्हणते तू लहान आहेस, तुला काय कळतं," सृष्टी म्हणाली. "एकदा गावाला येऊन तुम्ही सांगाल का तिला?"

मी काय सांगणार, असं म्हणायला माझे ओठ हललेही. इंदू म्हणाली, "जा की. पुस्तकं काय पळून जात नाहीत." निघण्यापूर्वी मी ते कलम पुन्हा वाचलं. आपण चुकीचं सांगितलं असेल अशी थोडी आशा होती. तसं नव्हतं.

केवळाबाई गोठ्यासमोर कडबा तोडत बसली होती. बारीक, काळी, डोळ्यांना जाड चष्मा. दोन वाक्यं बोलली की थांबून श्वास घ्यायची. माझ्यासाठी तिने बाजेवर घोंगडी टाकली आणि आपण जमिनीवर बसली.

"मास्तर, पोरगी सांगायली ते खरं हाय का? आता त्यांच्यावर मुकदमा चालत न्हाई?"

"पदावर असेपर्यंत नाही."

"आन् मी जे सांगितलं कोर्टात?"

"ते कागदावर आहे. पण त्यांच्या वकिलांचे उलट प्रश्न विचारून झाल्याशिवाय ती साक्ष पुरी धरत नाहीत. त्याआधी साक्षीदार..." मी अडलो.

"मेला तर," ती म्हणाली. "बोला की. मला काय त्याचं?"

"तर मग ती साक्ष बहुतेक वाया जाते."

तिने हातातला कडबा खाली ठेवला. "राज्यपालाच्या वर कोन असतंय?"

"राष्ट्रपती."

"त्यांच्याकडं अर्ज करता येत न्हाई का?"

"करता येतो. पण त्यांना काढायचं की नाही, ते दिल्लीचं सरकार ठरवतं. त्याच सरकारने त्यांना बसवलं."

"मंग राष्ट्रपतीवर मुकदमा चालतो का?"

"त्यांच्यावरही नाही. तेच कलम."

"बया!" केवळाबाई सृष्टीकडे वळून म्हणाली, "ह्ये तर एकाच दावणीला सगळे." मग मला, "असं कामून केलं म्हणं?"

मी सांगितलं. तो माणूस म्हणजे नुसता माणूस नसतो, साऱ्या राज्याची खूण असतो. ऊठसूट कुणी त्याला कोर्टात ओढायला लागलं तर राज्याचा कारभार कसा चालायचा, पदाचा मान कसा राहायचा. वर्गात हे वाक्य मी दरवर्षी म्हणायचो. तिथे कुणी ते इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

"मानाची खुर्ची हाय म्हणा," ती म्हणाली.

"हो."

"आमच्याकडं मानाच्या मानसानं चूक केली तर पंचात त्याला आदी उभं करत्यात, मास्तर. बारक्याला मागून." ती उठली. "चहा टाकते. शेळीच्या दुधाचा चालंल का तुमाला?"

त्या घटनाकारांच्या बाजूने आणखी काही बोलावं असं मला वाटत होतं. ते वाईट लोक नव्हते. त्यांच्यासमोर भागवतराव नव्हते, एवढंच. पण हे सांगायला मला शब्द सापडले नाहीत आणि चहा आला.

काही महिन्यांनी सरकारी वकिलांनी एक वाट काढली. आरोपी तिघे होते. भागवतरावांचा खटला वेगळा काढून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या दोघांवरचा पुढे चालवायचा. त्या दोघांत एक जीपचा ड्रायव्हर नागप्पा, दुसरा असाच कुणी कार्यकर्ता. केवळाबाईला पुन्हा साक्षीला बोलावलं.

"आजीला किती तरी वेळा सांगितलं मी, की ही साक्ष त्या दोघांपुरती आहे," सृष्टी मला म्हणाली. "तिला ते ऐकायचंच नाही. सर, ती काय करायलीय माहीत आहे का? सकाळी धार काढताना गाईच्या कानात नाव घेऊन बघायलीय."

"कुणाचं?"

"आजोबांचं. म्हणजे त्यांचं. पहिल्यांदा घेतलं तेव्हा म्हणे घाम फुटला तिला. जमिनीला हात लावून पाया पडली, मग पुन्हा घेतलं."

तारखेला मीही गेलो. कोर्टाच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, तिथल्या कुणाचाच यात दोष नव्हता. आवारात वडाखाली चहाची टपरी होती. तिथे एक पांढऱ्या दाढीचा, वाकलेला माणूस हातात कप घेऊन केवळाबाईसमोर आला.

"मावशी, च्या घ्या."

"कोन, नागप्पा का? केवढा वाळलास रे!"

"शुगर झाली. पायाला मुंग्या येतेत."

"तुज्या हातचा चहा घेऊ, आन् आत जाऊन तुज्यावरच बोलू?"

"बोला की. म्या धरलो होतो त्याला, न्हाई कुठं म्हणलो," नागप्पा म्हणाला. सीमेकडचा माणूस, बोलण्यात कानडी हेल. "साहेब म्हणले धर, धरलो. त्यांना कोन न्हाई म्हणंल हो?"

"माझा शेषा म्हणला की," केवळाबाई म्हणाली.

नागप्पा कप घेऊन तसाच मागे फिरला. थोड्या वेळाने तिनेच सृष्टीला त्याच्याकडे पाठवून तो चहा मागून घेतला आणि थंड झालेला प्यायली.

पुकारा झाला. केवळाबाई आत गेली, साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मी मागच्या बाकावर बसलो. आरोपीच्या पिंजऱ्यात या वेळी दोघेच होते. तिने तिकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

सरकारी वकिलांनी सुरुवात केली. लिंबाखाली काय झालं? तिने सांगितलं. कुणी ओढलं? त्या दुसऱ्याने. हात कुणी धरले? नागप्पाने. नागप्पाने होकारार्थी मान हलवली, त्याच्या वकिलांनी त्याला दटावलं.

"बरं, पुढे."

केवळाबाईने पदर डोक्यावर नीट घेतला. एवढ्या लांबूनही तिची छाती वरखाली होताना दिसत होती. मग ती मोठ्याने, गावात हाक मारावी तशी बोलली, "दोन काठ्या डोसक्यात भागवतरावानं घातल्या. भागवतरावानं. मी डोळ्यानं बघितलं."

सृष्टीने माझा हात धरला. एवढा घट्ट धरला की मला काय करावं कळेना.

आरोपींचे वकील उठले, उखाणा घ्यायला सांगणारे तेच. या वेळी ते हसत नव्हते. "महोदय, माझी हरकत आहे. ज्यांचं नाव घेतलं ते आज या कोर्टासमोर नाहीत. त्यांच्याविरुद्धचं कामकाज घटनेनंच थांबवलं आहे. हे नोंदीत येऊ नये."

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी पेन हातात धरलं होतं, ते खाली ठेवलं. एक पुस्तक मागवून घेतलं. कुठलं पुस्तक आणि त्यात कुठलं पान, ते मला बाकावरूनच कळत होतं. वाचून त्यांनी वर पाहिलं.

"बाई, त्यांच्याबद्दलचं आज लिहिता येणार नाही. या दोघांनी काय केलं तेवढंच सांगा."

"साहेब, मागच्या बारीला तुमच्यापुढंच वकील म्हणले, नाव घ्या."

मागच्या वेळचे न्यायाधीश दुसरे होते, ते बदलून गेले होते. पण हे तसं म्हणाले नाहीत. "हो," ते म्हणाले. "तेव्हा चाललं असतं."

"आता घेतलं की मी."

"ऐकलं मी, बाई."

"मंग लिव्हा."

टायपिस्ट बोटं उचलून न्यायाधीशांकडे बघत होता. न्यायाधीशांनी हळूच नकारार्थी मान हलवली, आणि सरकारी वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला. नागप्पाने हात किती वेळ धरून ठेवले? केवळाबाईने ते सांगितलं. विचारलं तेवढंच, एकेका शब्दात. त्या दोघांपुरती उलटतपासणी तासाभरात उरकली. नाव घ्या, असं तिला कुणी म्हटलं नाही.

त्या साक्षीवर दोघांना शिक्षा झाली. दुसरा जामिनावर सुटून वरच्या कोर्टात गेला. नागप्पाकडे जामिनापुरते पैसेही नव्हते. तो तुरुंगात गेला. निकाल कळला तेव्हा केवळाबाई एक दिवस जेवली नाही असं सृष्टीकडून कळलं. "माझ्या तोंडानं कोन गेलं बघ," एवढंच म्हणाली म्हणे.

मी तेव्हापासून त्या कलमाचं बरंच वाचन केलं. त्यात काही फट आहे का, एखादा निकाल, एखादी तळटीप. माझ्यासारख्या माणसाला फट सापडावी आणि ती मोठमोठ्या वकिलांना सापडू नये असं होत नसतं, हे कळत होतं. तरी वाचायचो. इंदू म्हणायची, "वाचून ती जगणार आहे का?" पण मी वाचत असलो की चहा तीच आणून द्यायची.

भागवतरावांच्या शपथेला अशी साडेचार वर्षं झाली. केवळाबाईचं हृदय मोठं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायावर सूज होती, पण ती होती. सृष्टी तलाठी झाली, निलंग्याकडे तिची नेमणूक झाली. फोनवर आजीचं पालुपद एकच असायचं, आता थोडंच राहिलं, येतील ते खुर्चीवरून खाली. गोळ्या ती वेळेवर घ्यायची. उन्हातली कामं बंद केली. आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेली बाई दर महिन्याला एस.टी.ने तपासायला लातूरला यायची आणि परत जाताना आमच्याकडे ताकभात खाऊन जायची.

मग एका सकाळी पेपरात आलं. भागवतराव यांची बदली, आता एका मोठ्या राज्याचे राज्यपाल. नवी शपथ, नवी मुदत. देगलूरपासून देवणीपर्यंत त्यांच्या अभिनंदनाचे फलक लागले. सृष्टीचा फोन आला.

"सर, मी सांगू शकत नाही तिला. तुम्ही जाल का?"

या खेपेला मी नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही. बसमध्ये वाक्यं जुळवत बसलो. एकही धड जुळलं नाही.

केवळाबाई बाजेवर पडून होती. मला पाहून उठून बसली. पायांची सूज गुडघ्यापर्यंत आली होती.

"या मास्तर. सांगू नका, कळलंय मला. चौकात फटाके फोडले पोरांनी. आमच्याच गल्लीतल्या."

मी बसलो. तिने शेजारणीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी गोठ्याकडे पाहिलं. गाय विकली होती, दावं नुसतं लोंबत होतं.

"मास्तर, एक विचारते. त्या तुमच्या कलमात त्यांना मरन तरी ठेवलंय का न्हाई?"

"आहे," मी म्हणालो. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. ती मात्र मोकळी हसली, हसता हसता खोकली.

"मंग झालं. आता मी आदी का ते आदी, एवढंच राह्यलं. ते आदी गेले तर सुटले माज्या डोळ्यांपुढून."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. दुसरा कुणी बसला असता. पण ती मला विश्वासाने मास्तर म्हणत होती, आणि अर्धवट सांगणं मला कधी जमलं नाही.

"केवळाबाई, ते आधी गेले तरी उपयोग नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथंच बंद होतो. मेलेल्या माणसावर कोर्ट निकाल देत नाही. त्यांनी केलं की नाही, हे मग कुठंच लिहिलं जात नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती रागावली. मी नजर खाली घातली.

"म्हंजे मला बी मरून चालत न्हाई," ती म्हणाली, "आन् त्यांनाबी मरू देऊन चालत न्हाई."

"नाही."

"बया, बया! म्हंजे देवापुढं दोघांचं आयुष्य मागावं लागंल मला."

शेजारीण पाणी घेऊन आली. केवळाबाईने उशाखालची गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. तांब्या माझ्यापुढे केला.

"वय काय असंल हो त्यांचं?"

"तुमच्याहून थोडे लहान असतील."

"नागप्पावानी त्यांनाबी शुगर हाय म्हणत्यात," ती काळजीने म्हणाली. "तिकडं त्यांच्या खान्यापिन्याचं कोन बघतं?"